तेल्हाऱ्याच्या दारात उभी केलेली मोटार

तेल्हाऱ्याच्या बापूसाहेबांनी मला फसवले. माझी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारी बैलजोडी, हऱ्या आणि पाखऱ्या, त्यांनी घेतली आणि बदल्यात पाणी पिणारी मोटार माझ्या गळ्यात बांधली. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग होता तेव्हा तोंडाने पुष्कळ बोललो. आता मोर्शीला परत आलो आहे, बागेत संत्र्याच्या सावलीत बसलो आहे, आणि त्या वाटेने जे कधी गेले नाहीत त्यांना ती वाट दाखवावी एवढ्यासाठीच लिहितो.

आधी एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. जनावराच्या बाजारात विकणाऱ्याने जनावराची खोड आधी सांगावी लागते. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. सांगून विकले तर घेणाऱ्याचे नशीब. लपवून विकले आणि खोड निघाली, तर होळीच्या आत जनावर परत नेता येते आणि सौदा मोडतो. अट एकच. जनावर स्वतःच्या पायांनी विकणाऱ्याच्या दारात गेले पाहिजे. गाडीत घालून नेले किंवा दुसऱ्या जनावराने ओढत नेले, तर ते तुमच्याच घरी बिघडले असे धरतात.

आमचा सौदा अकोटच्या गुरांच्या बाजारात झाला, उपरण्याखाली बोटे धरून, याच रीतीने. साक्षीला बाजारातले जुने दलाल गुलाबराव होते. बापूसाहेबांनी मोटारीच्या दोन खोडी सांगितल्या: भोंगा बसका आहे आणि डावीकडचे दार उघडत नाही. मी म्हटले, दार उडी मारून ओलांडता येते आणि भोंग्याचे काम माझा आवाज करील. मंडळी हसली. तिसरी खोड त्यांनी सांगितली नाही.

मोर्शी ते अमरावती

मोटार उघडी होती, वर कापडी टप, अंगावरचा हिरवा रंग उन्हाने पिवळट पडलेला. बापूसाहेबांचा ड्रायव्हर ती मोर्शीला आणून सोडून गेला. दुसऱ्याच दिवशी ती सुरू होताना खोकू लागली, म्हणून मी चारही प्लग बदलले. जुने प्लग चिंधीत गुंडाळून हत्यारांच्या पेटीत टाकले. आम्ही माळी माणसे, तुटकी दोरीसुद्धा टाकत नाही. पुढे महिनाभर तिने माझ्या संत्र्याच्या पेट्या अमरावतीला नेल्या, पण दर खेपेला तिची तहान वाढत गेली. खाली थेंब गळत नाही, आणि तरी पाणी संपते. शेवटी मी ठरवले की होळीच्या आत हिला तेल्हाऱ्याला, हिच्या स्वतःच्या चाकांवर नेऊन उभी करायची आणि माझी जोडी घरी आणायची.

माझी थोरली बहीण, अक्का, आदल्या रात्रीच भाकरी बांधून बसली होती.

"तू काहून येते?" मी विचारले.

"मोटारीसाठी नाई येऊन राहिली मी. हऱ्याची माय मेली तवा त्याले चिंधीनं दूध पाजलं मी. तू सौदा केला तवा मले इचारलं नाई. आता मी तुले इचारत नाई."

पहाटे निघालो. फाल्गुन लागलेला. संत्र्याच्या आंब्या बहाराची फुले अजून झाडांवर होती आणि दोन्ही बाजूंच्या बागांतून तो गंध रस्त्यावर ओसंडून आला होता. अशा वेळी मोटार चालवतो आहोत असे वाटतच नाही. कोणीतरी आपल्याला एका लांबलचक खोलीतून अलगद पुढे नेत आहे आणि खोलीच्या भिंती पांढऱ्या फुलांच्या आहेत, असे वाटते. अक्का डोळे मिटून बसली होती. माझा रागसुद्धा मागच्या बाकावर झोपला होता.

बागा संपल्या, काळी जमीन सुरू झाली, आणि इंजिनावरचे झाकण थडथडू लागले. वाफ इतकी वर गेली की एक गाडीवान बैल थांबवून नुसता बघत राहिला. आम्ही निंबाखाली उभे राहिलो. अक्काने खाली वाकून माती चाचपली.

"कोरडी हाये. पानी जाते कुठी मंग?"

मी मागच्या नळीकडे बोट दाखवले. तिथून कापसाच्या पेळूसारखा पांढरा धूर निघत होता. पहाटेच्या गारव्यात तो शोभला असता, पण ऊन चढले होते आणि तो तरी तसाच पांढरा होता.

"पेते आन् मागून सोडते," अक्का म्हणाली. "रेड्यासारखी."

अमरावती

अंबागेटाबाहेर एक मिस्त्री मोटारी दुरुस्त करतो. त्याने इंजिन चालू ठेवून रेडिएटरचे झाकण उघडले आणि मला आत बघायला लावले. पाण्यातून बुडबुडे वर येत होते, एकामागून एक, डोहात कोणी खाली बसून श्वास सोडत असावे तसे.

"ग्यासकिट गेलं असेल," तो म्हणाला. त्याने समजावून दिले ते असे: इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये तांब्याचा एक पातळ पत्रा असतो. आत जळणारा वायू आणि बाजूने फिरणारे पाणी या दोघांना तो एकमेकांपासून दूर ठेवतो. पत्रा जळाला की वायू पाण्यात शिरतो आणि पाणी सिलिंडरात. "पण शपथेवर नाई सांगत. रेडिएटर चिखलानं चोंदला असला तरी उकळते. उकळत्या पान्यात बुडबुडे आपोआपच येतात. हेड खोलून पायतो."

"हेडाला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "खोलले की तो म्हणेल तूच बिघडवलेस."

"न खोलता मी काय ज्योतिष सांगू?"

मी ताडकन बोललो, तोही बोलला, आणि शेवटी अक्काने दोघांना गिलावडे आणून दिले तेव्हा आम्ही गप्प बसलो. दह्यात बुडालेले, वर लाल तिखटाचा शिंतोडा. अमरावतीचा माणूस रागावूनही खाताना थांबत नाही, आणि मीही नाही. खाता खाता मिस्त्री निवळला आणि त्याने एक युक्ती सांगितली. सकाळी इंजिन गार असताना हँडल सावकाश फिरवायचे. ज्या सिलिंडराचा दाब बाहेर जातो तिथे हात अडत नाही. मात्र सिलिंडर ओळीने दाबत नाहीत: आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा.

त्या रात्री आम्ही भाजीबाजारातल्या अक्काच्या ओळखीच्या घरी राहिलो. सकाळी मी हँडल लावले. एक अडले, कडक. दुसरे मऊ. तिसरे कडक. चौथे मऊ. मी पुन्हा फिरवले, पुन्हा तेच. बैलाच्या मानेवरून हात फिरवताना स्नायू कुठे घट्ट आणि कुठे सैल ते जसे कळते, तसे ते लोखंड माझ्या मनगटात बोलत होते. कडक, मऊ, कडक, मऊ. मला वाटते मी ते बराच वेळ फिरवत राहिलो, कारण अक्का म्हणाली, "जातं हाये का थे? आटा पडन आता."

म्हणजे मधले दोन सिलिंडर नरम होते, एवढे नक्की. पण व्हॉल्व सैल असले तरी असे होते, हे मिस्त्रीनेच सांगून ठेवले होते. मला असा पुरावा हवा होता की जो तेल्हाऱ्यात चार माणसांसमोर ठेवता येईल आणि ज्याला बापूसाहेबांना उत्तर सुचणार नाही.

पूर्णेची वाळू

वलगाव मागे टाकले की मुलूख सपाट होत जातो. वेचणी झालेल्या पऱ्हाट्या काळ्या जमिनीत उभ्या, त्यांच्या काड्यांवर राहिलेला कापूस वाऱ्याने हलतो. दुपारी त्या शेतांवर पाणी दिसू लागते. नसलेले पाणी. लांबवर एक तळे, तळ्यात उलटी झाडे, आणि आपण जवळ गेलो की तळे तेवढेच मागे सरते. मोटार तापली की उभी करावी लागे, आणि अशी ती दर थोड्या वेळाने उभी राही. मी झाकणावर ओले फडके टाकून बसत असे आणि त्या तळ्याकडे बघत असे. तहानलेल्या मोटारीला वऱ्हाड सगळीकडे पाणी दाखवत होते आणि कुठेच देत नव्हते.

पूर्णेचे पात्र अर्धे कोरडे होते. उरलेली धार गुडघाभर, तिच्यात आभाळ निवांत पडलेले. वाळूत पऱ्हाटीच्या काटक्या टाकून गाड्यांसाठी वाट केली होती. मधोमध आल्यावर मोटारीने एक मोठा उसासा टाकला आणि ती थांबली.

पलीकडून ज्वारीच्या कडब्याची रिकामी गाडी येत होती. गाडीवान उतरला, त्याने बैल सोडायला घेतले.

"थांबा जी, बैल जुतवतो. काढून देतो."

"बैल लावू नका!" मी इतक्या जोराने ओरडलो की बगळे उडाले.

"काहून? माह्ये बैल बाटतात का तुमच्या मोटारीनं?"

मी त्याला रीत समजावून सांगितली. तो बाजाराचा माणूस होता. त्याने लगेच मान हलवली. मग तोच वाळूत बसून विचार करू लागला. बसका बैल रस्त्यात बसला तर त्याला उठवायला शेपटी पिरगाळतात. शेपटी पिरगाळून उठवलेला बैल स्वतःच्या पायांनीच चालला असे धरतात की नाही?

"धरतात," मी म्हणालो.

"मंग मागून ढकलाले हरकत नाई. समोरून वढाले हाये."

मागून ढकलले. गाडीवान, मी, आणि लुगड्याचा ओचा खोचून अक्का. सायलेन्सरच्या पांढऱ्या धुरात आम्ही तिघे एकमेकांना दिसेनासे झालो, आणि धूर ओसरला तेव्हा मोटार काठावर होती, गुरगुरत. गाडीवानाने निरोप घेताना तिच्या मडगार्डवर थाप मारली. "त्याच्या दारापर्यंत पाय टाक वं बाई."

खारपाण

पूर्णेच्या दोन्ही काठांना जो पट्टा आहे तिथल्या विहिरींना खारे पाणी लागते. आमच्या मोर्शीला पाटाने गोड पाणी झाडांच्या आळ्यात खेळते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तांब्या न विचारता पुढे होतो. इथे पाहुणा आला की घरधनीण आधी विचारते, "पेयाचं का वापराचं?" पिण्याचे पाणी लांबून गाडीने येते, रांजणात झाकून ठेवतात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ती माणसे हे अशा सहजतेने सांगतात की जणू गावाला एक खोड आहे आणि ती सगळ्यांनी समजून घेतलेली आहे.

दर्यापूरच्या पुढे, संध्याकाळी, अशा एका गावात आम्ही थांबलो. ज्या घरी उतरलो त्या घरच्या बाईने आम्हाला गूळ आणि गोड पाणी दिले. मी बादली पुढे केली तशी तिने रांजणावर हात ठेवला.

"माणसाले देतो भाऊ. मोटारीले नाई."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी विहिरीवर गेलो. विहिरीत सूर्य बुडत होता आणि पाणी जर्द शेंदरी दिसत होते. त्याच्याकडे बघून कोणाला वाटेल की याच्यासारखे गोड काही नाही. मी चूळ भरली आणि थुंकली. तेच पाणी मोटारीला पाजले, पोटभर.

रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. रोडगे गोवऱ्यांत भाजलेले, फोडले की आतून वाफ आणि वर तुपाची धार. अक्का आणि ती बाई चुलीपुढे बसून हऱ्या-पाखऱ्याबद्दल बोलत होत्या. अक्का सांगत होती की पाखऱ्या पटात धावण्याआधी एकदाच मागे वळून बघायचा, आणि ती दिसली तरच धावायचा. हे मला माहीत नव्हते. मी अंगणात बाजेवर पडलो होतो. आभाळात इतके तारे होते की मला वाटले पऱ्हाटी तिकडेही वेचायची राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाटेत तेच पाणी घालत गेलो, कारण दुसरे नव्हतेच. उजव्या हाताला सातपुडा दिवसभर आमच्याबरोबर चालला, निळा, पुसट, गाविलगडाच्या बाजूने उगवून नरनाळ्याकडे सरकत जाणारा. अकोटच्या अलीकडे पानमळे लागले. आत अंधार, गारवा आणि हिरवा वास. मळेवाल्याने पान दिले, मी त्याला मोर्शीच्या संत्र्यांची टोपली दिली, आणि आम्ही दोघांनी एकमेकांच्या पिकाला नावे ठेवून घेतली.

अकोटला गुलाबरावांच्या ओसरीवर मुक्काम केला. सकाळी मोटार सुरूच होईना. मी प्लग काढले. दोन कोरडे काळे होते, मधले दोन ओले. ओले प्लग अक्काने सुकवायला चुलीच्या वैलावर ठेवले. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

"नारायणा, इकडं ये. हे पाय."

सुकलेल्या प्लगांच्या कडेला पांढरी किनार आली होती. तिने नखाने खरवडून जिभेला लावली.

"मीठ हाये."

मी चाखले. मीठ. काळे कोरडे प्लग चाखले, नुसती काजळी. पुन्हा पांढरे चाखले, मीठ. मी तिथेच खाली बसलो. रेडिएटर चोंदला असता तर मीठ सिलिंडरात आले नसते. व्हॉल्व सैल असते तरी आले नसते. पाणी मधल्या दोन सिलिंडरांत शिरत होते, तिथे जळून जात होते आणि जाताना मीठ मागे ठेवत होते. मिस्त्रीला हेड खोलल्याशिवाय जे सांगता येत नव्हते ते त्या खाऱ्या विहिरीने सांगितले.

आणि मग मला पेटीतली चिंधी आठवली.

मी पळत गेलो. मोर्शीला बदललेले जुने चार प्लग काढले. दोन काळे. दुसऱ्या दोहोंवर पांढरा थर, जाड, खवल्यांसारखा. मी चाखला, अक्काने चाखला. मीठ! मोर्शीचे पाणी गोड आहे. ते प्लग मी काढले तोवर त्या मोटारीने मोर्शीचे पाणी चाखलेलेच नव्हते. ते मीठ तेल्हाऱ्याहून आलेले होते.

अक्का हसली. या प्रवासात पहिल्यांदा. "चाल आता," ती म्हणाली. "जोडी घराले नेऊ."

तेल्हारा

गुलाबराव म्हातारे आहेत, पण सौद्याचे साक्षीदार म्हटल्यावर ते उपरणे खांद्यावर टाकून पुढच्या बाकावर येऊन बसले. बैलगाडीत बसावे तसे एक पाय बाहेर सोडून. डावे दार उघडत नाही म्हणून त्यांना उचलून आत ठेवावे लागले.

"ही खोड त्यायनं सांगतली व्हती," ते म्हणाले. "लेहून ठेव."

तेल्हाऱ्यापर्यंत मी मोटारीशी बोलत आलो. गुलाबरावांना ते विचित्र वाटले नाही. कपाशीच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनाकडे चालल्या होत्या, रस्त्यावर पांढरे तुकडे उडत होते, आणि आमचा पांढरा धूर त्यांच्यात मिसळत होता. गाव दिसू लागले तेव्हा ती अगदी मंद चालत होती, गाभण गाईसारखी. बापूसाहेबांचे घर गावाखालच्या अंगाला, खाऱ्या विहिरीजवळ. त्यांच्या दारात मी इंजिन बंद केले. बंद केले म्हणजे ते आपणहून थांबले. पण दारातच थांबले.

बापूसाहेब ओसरीवर आले. अंगावर धुतलेले धोतर, कपाळाला गंध. "या, या. मोटार कशी काय?"

"तुमची मोटार तुमच्या दारात आणली आहे. खोड लपवली होती. माझी जोडी द्या."

लोक जमले. मी हँडल फिरवायला दिले, फिरवताना रेडिएटरात येणारे बुडबुडे दाखवले, आणि मधले दोन नवे प्लग काढून गुलाबरावांच्या हातावर ठेवले. त्यांनी चाखले.

"खारट."

बापूसाहेब हसले. "अहो, वाटेत खारे पाणी तुम्हीच पाजले असेल. पत्रा तुमच्याच हातून जळला. आणि पूर्णेत बैल लावून ओढली नसेल कशावरून?"

"मागून ढकलली!" मी ओरडलो. "गाडीवानाला बोलवा! बैल लावला असेल तर माझी जीभ झडो!"

"शेपटी पिरगाळली," गुलाबराव शांतपणे म्हणाले. "थे चालते."

मग मी चिंधी सोडली. जुने प्लग कधी काढले, कुठे काढले ते सांगितले. गुलाबरावांनी थर खरवडला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून चव घेतली. पान खाणारा माणूस चुना ओळखतो तसे.

"बापूसाहेब, हे तुमच्याच हिरीचं मीठ. आन् एका खेपेत येवढा थर बसत नाई. माह्या घरी पानी तापवाच्या हंड्याले येवढं बसाले साल लागते."

ओसरीखाली बापूसाहेबांचा ड्रायव्हर उभा होता. त्याच्याकडे कोणी बघितले नाही. तो आपणहून नट खोलायचे पाने घेऊन आला आणि हेड खोलू लागला. बापूसाहेबांनी त्याला अडवले नाही. अडवले असते तर तेही सगळ्यांनी बघितले असते. हेड निघाले. मधल्या दोन भोकांच्या मध्ये पत्रा जळून काळा झाला होता, आणि त्या जळक्या जागेभोवती सफेत्याचा, म्हणजे सांधे बुजवायच्या पांढऱ्या लुकणाचा, जुना, कडक झालेला लेप होता. कोणीतरी तो आधी उघडला होता, लिंपला होता आणि पुन्हा झाकला होता. माझे हात त्याला कधी लागले नव्हते.

"सौदा मोडला," गुलाबराव म्हणाले. "जोडी आणा जी."

बापूसाहेब उपरण्याची सुरकुती काढू लागले. "जोडी होय... जोडी तर मी मागच्याच महिन्यात पुढे दिली. आता ती कुठे असणार, मला काय माहीत."

अक्का तिथे नव्हती. ती केव्हाच गोठ्याकडे गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात निळ्या मण्यांची कंठी होती. ती मीही ओळखली. पाखऱ्याच्या गळ्यातली, तिने स्वतः ओवलेली. दुसऱ्या हातावर शेण होते.

"कंठी म्हशीच्या गळ्यात व्हती," ती म्हणाली. "तिकडच्या दावणीले दोन खुंटे मोकळे हायेत. आन् हे दोन्ही खुंट्यांमंधलं शेण. हात लावून पाय गुलाबदादा."

गुलाबरावांनी हात लावला. "ऊन हाये."

"मागल्या महिन्यातलं शेण ऊन रायते का जी बापूसाहेब?"

बापूसाहेब म्हणाले, जेवणाची वेळ झाली, आणि आत गेले. दार लागले. आम्ही ऊन उतरेपर्यंत ओसरीसमोर बसून होतो. गुलाबराव दोनदा दारावर थाप मारून आले. अक्का गावातल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि तिने प्रत्येक दिशेला पाखऱ्याच्या नावाने हाक दिली, कारण तो मागे वळून बघतो. सातपुड्याच्या बाजूने धूळ उडत होती. ती कोणाची होती ते कळले नाही. संध्याकाळच्या उन्हात ती धूळ सोन्यासारखी दिसत होती, आणि अक्का ती विरेपर्यंत तिथेच उभी राहिली.

आम्ही दमणीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने, अकोल्याला आलो आणि तिथून रेल्वेने घरी. मोटार त्यांच्या दारात आहे, हेड उघडे, जसे ठेवले तसे. हँडल मी घेऊन आलो आहे. ते आमच्या माजघरात खुंटीला टांगलेले आहे आणि त्याच्या शेजारी निळी कंठी.

होळी झाली. धुळवडही झाली. गुलाबरावांनी अकोटच्या बाजारात उभे राहून सौदा मोडल्याचे सांगितले आहे. ते साऱ्या बाजाराने ऐकले आहे. मोटार स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात आली, बापूसाहेब. तुमच्याच विहिरीच्या मिठाने साक्ष दिली. आता तुम्ही सांगा: त्या सकाळी, आमच्या मोटारीचा आवाज गावाच्या वेशीवर आला तेव्हा, माझे हऱ्या आणि पाखऱ्या तुमच्या गोठ्यातून कोणी सोडले आणि कुठे नेले? मला दुसरे काही नको. उत्तर द्या, आणि बैल घेऊन या. स्वतःच्या पायांनी या.